एसआर० कोण, एसआर१ कोण: बर्नर घेऊन केलेला एक दौरा

माझ्या लॅपटॉपला आतला डिस्क ड्राइव्ह नाही. यूएसबीवर बर्नर (डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह) जोडला की लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम त्याला एसआर० म्हणते, आणि माझ्या सगळ्या कमांड्स वर्षानुवर्षं त्याच नावावर चालत आल्या. परवा एका नातेवाइकांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती करायला तोच बर्नर आणि वीस कोऱ्या सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी) घेऊन गेलो. संगणक त्यांचा होता, त्यावरही लिनक्सच.

आधी डिस्क पुसायची म्हणून वोडिम या डिस्क लिहिण्या-पुसण्याच्या प्रोग्रामला एसआर० आणि ‘ब्लँक=फास्ट’ (झटपट पुसणे) लिहिलं. एंटर दाबण्याआधी सहज दुसऱ्या खिडकीत ‘इजेक्ट /डेव्ह/एसआर०’ दिलं. माझा बर्नर टेबलावर गप्प. कॅबिनेटमधला ट्रे बाहेर आला. त्यात एक सीडी-आरडब्ल्यू होती आणि तिच्यावर निळ्या मार्करने लिहिलं होतं: ‘मूळ प्रत’. हात थरथरले. आतला ड्राइव्हही बर्नरच होता, म्हणजे कमांड विनातक्रार चालली असती.

कारण साधं आहे. एसआर० हे ड्राइव्हचं नाव नाही, तो रांगेतला नंबर आहे. आतला ड्राइव्ह संगणक सुरू होतानाच सापडला, माझा नंतर जोडला म्हणून एसआर१ झाला. बर्नर जोडलेला ठेवून संगणक पुन्हा सुरू केला तर हा क्रम तसाच राहील याची हमी नाही. ‘/डेव्ह/सीडीरॉम’ ही लिंकसुद्धा यातल्या कुठल्यातरी एकाकडेच बोट दाखवते, तिच्या भरवशावर राहू नका.

तुम्ही अशा कामाला निघालात तर पोचल्यावर पहिल्यांदा ‘वोडिम --डिव्हायसेस’ चालवा. प्रत्येक ड्राइव्हचा पत्ता, कंपनी आणि मॉडेल एका ओळीत दिसतं. मॉडेल बर्नरच्या बुडाशी असलेल्या लेबलशी ताडून बघा. यादी रिकामी आली तर बहुधा परवानगीचा प्रश्न असतो. आपलं खातं ‘सीडीरॉम’ गटात (लिनक्सच्या काही आवृत्त्यांत, म्हणजे वितरणांत, ‘ऑप्टिकल’) घाला आणि लॉगआउट करून परत या. ड्राइव्ह लिहू शकतो का, हे ‘/प्रॉक/सिस/डेव्ह/सीडीरॉम/इन्फो’ या फाइलमध्ये मिळतं: ‘कॅन राइट सीडी-आर’ समोर १ हवा. इथे नीट बघा, रकाने सहसा उलटे असतात, एसआर१ आधी आणि एसआर० नंतर. वरची ‘ड्राइव्ह नेम’ची ओळ वाचल्याशिवाय खालचे आकडे वाचू नका.

दोन्ही ड्राइव्ह एकाच मॉडेलचे असतील तर ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’ हे फोल्डर उपयोगी पडतं, तिथे प्रत्येक ड्राइव्हच्या स्वतःच्या नावाची लिंक असते. तिथल्या यूएसबीने सुरू होणाऱ्या नावाला ‘रीडलिंक -एफ’ (लिंक कुठे जाते ते सांगणारी कमांड) दिलं की आज त्याचा नंबर काय ते कळतं. आता माझी स्क्रिप्ट नंबर तिथूनच घेते.

तरी पुसण्याआधी इजेक्ट देतोच. कुठला ट्रे उघडला आणि त्यात काय आहे, हे डोळ्यांनी बघतो, मग ट्रे बंद करून एंटर.

त्यांची मूळ प्रत पाकिटात घालून कपाटात ठेवली आणि मगच पहिली डिस्क लिहायला घेतली.