बँकॉकला जाताय तर एक दिवस राचदम्नोन रस्त्यासाठी ठेवा

डिसेंबर २०२४ मध्ये मी आणि बाबा बँकॉकला जाऊन आलो, पाच दिवस, आणि तेव्हापासून जो तो विचारतो मार्केट कुठलं केलं, क्रूझ घेतली का, पटायाला का नाही गेलात. ते सगळं नेटवर मराठीतसुद्धा भरपूर आहे, त्यामुळे ते मी लिहीत नाही. थायलंडच्या लोकशाहीच्या लढ्याच्या खुणा असलेल्या ज्या राचदम्नोन रस्त्यावर आम्ही अख्खा दिवस घालवला त्याच्याबद्दल मात्र आपल्याकडच्या कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून हा वृत्तांत, जरा मोठा झालाय पण वाचा.

आम्ही मुद्दाम १० डिसेंबर धरला होता, त्या दिवशी तिकडे संविधान दिनाची सुट्टी असते. १९३२ मध्ये २४ जूनला पहाटे काही लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांनी मिळून राजाची अनियंत्रित सत्ता संपवली, त्यांचा गट म्हणजे खना रात्सदोन, जनतेचा पक्ष, आणि १० डिसेंबरला राजा प्रजाधिपोकनं कायमच्या राज्यघटनेवर सही केली. त्यानंतर आजपर्यंत डझनभर यशस्वी लष्करी उठाव झालेत आणि सध्याची २०१७ ची घटना ही विसावी आहे. विसावी! आपली एकच घटना आपण पंचाहत्तर वर्षं वापरतोय हे बाबा दिवसभरात चार वेळा तरी म्हणाले असतील.

आता रस्ता कसा करायचा ते सांगते. मेट्रोच्या निळ्या लाइननं साम योत स्टेशनला उतरा, तिथून सगळं चालत होतं, आमचं थांबत थांबत तीनेक किलोमीटर झालं आणि बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो, तरी जमलं. फक्त सकाळी लवकर निघा, आठपर्यंत स्टेशनबाहेर, कारण डिसेंबर असला तरी अकरानंतर ऊन डोक्यावर येतं आणि पुढे रुंद रस्त्यावर सावली नाही. छत्री, टोपी, पाण्याची बाटली घ्याच. शाकाहारी असाल तर स्टेशनच्या जवळच फाहुरात ही भारतीय वस्ती आहे, तिथला गुरुद्वारा, पंजाबी हॉटेलं, काही अडत नाही. आणि एक शब्द पाठ करून जा, मांगसविरत. म्हणजे मांसविरत! शाकाहारीला हाच शब्द आहे, आम्हाला पहिल्या दिवशी कळला आणि बाबांची जेवणाची काळजीच मिटली. मात्र फिश सॉस नको हे वेगळं सांगावं लागतं.

स्टेशनपासून दहा मिनिटांवर लाल रंगाचा उंच झोपाळा दिसतो, साओ चिंग चा, शेजारी देवस्थान नावाचं ब्राह्मणांचं देऊळ, आत शंकर गणपती विष्णू, पाच मिनिटं तरी टेका. समोरच्या चौकात बँकॉकची महापालिका आहे. फोटो काढून सगळे निघून जातात पण ही इमारत ह्या गोष्टीतलीच आहे. २०१४ मध्ये २२ मे ला जनरल प्रयुत चान-ओचानं उठाव केला, त्या काळात शहराच्या गव्हर्नरची निवडणूकच झाली नाही, नेमलेला माणूस बसायचा. शेवटी निवडणूक झाली ती २०२२ मध्ये, तारीख परत २२ मे, उठावाला बरोब्बर आठ वर्षं झाली त्या दिवशी, आणि चतचात सित्थिफान १३ लाखांहून जास्त मतं घेऊन निवडून आले. आपल्याकडे कितीतरी महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हातात राहिल्या त्याची मला तिथे उभ्या उभ्या आठवण झाली. कारणं वेगळी आहेत, तिथे बंदूक होती इथे कोर्टकचेरी, पण नगरसेवक नसलेल्या वॉर्डात राहणं काय असतं ते मला माहितीये.

इथून दिन्सो रोड सरळ राचदम्नोनवरच्या लोकशाही स्मारकाला जातो. दिन्सो म्हणजे पेन्सिल. रस्त्यात मोन नोम सोत नावाचं जुनं दूध-टोस्टचं दुकान आहे, आम्ही परतीला खाल्लं, जाड ब्रेडवर नारळाच्या दुधाचं कस्टर्ड, त्यात अंडं असतं हे लक्षात ठेवा, आणि ते दुपारनंतर उघडतं.

स्मारक. टॅक्सीवाल्याला सांगायचं असेल तर अनुसावरी प्रचाथिपतय म्हणा, प्रजा-आधिपत्य, थाई माणूस उच्चारतो ते आपल्याला ऐकताना लगेच कळतं. १९४० मध्ये फिबून पंतप्रधान असताना उभं राहिलं, फिबून स्वतः लष्करी माणूस आणि पुढे हुकूमशहाच म्हणावा असा, म्हणजे लोकशाहीचं स्मारक बांधणारा हात लष्कराचा. चार मोठे पंख आहेत, प्रत्येक २४ मीटर, २४ तारखेचे. भोवती जमिनीत पुरलेल्या ७५ तोफा, कारण त्यांच्या बौद्ध शकाप्रमाणे ते २४७५ साल होतं. मध्ये बुटका बुरूज आणि त्याच्यावर सोनेरी तबकात ठेवलेली राज्यघटना. पोथी असते ना आपल्याकडे चौरंगावर, तशी. मी शाळेत असताना आजी ज्ञानेश्वरी तशीच ठेवायची, हात धुतल्याशिवाय लावू द्यायची नाही. पंखांच्या पायथ्याशी कोरीव पट्टे आहेत ते जवळ जाऊन बघा, कोराडो फेरोची नावाच्या इटालियन शिल्पकारानं केलेत. सैनिक बंदुका घेऊन, मजूर, शेतकरी, शरीरं सगळ्यांची पिळदार, आणि लक्ष देऊन पाहिलंत तर जागा सगळ्यात जास्त सैनिकांनीच घेतलीये. बाबा त्या पट्ट्याशी बराच वेळ उभे होते.

मध्ये जायचं तर सिग्नलनंच क्रॉस करा, ट्रॅफिक चहूबाजूंनी येतं. आजूबाजूला नव्या मेट्रो लाइनचं खोदकाम चालू होतं, तेव्हा फुटपाथ कधी कुठे बंद होईल सांगता येत नाही. २०२० मध्ये लोकशाहीसाठी आंदोलन झालं, पोरं तीन बोटं वर करून इथेच जमायची, तेव्हा जमू नयेत म्हणून स्मारकाभोवती कुंड्याच कुंड्या आणून ठेवल्या होत्या.

पुढे चालत गेलं की खोक वुआ चौक लागतो, तिथे १४ ऑक्टोबरचं स्मारक आहे, बाहेरून पटकन लक्षात येत नाही, शोधावं लागतं. १९७३ मध्ये घटना द्या म्हणून पत्रकं वाटणाऱ्या १३ जणांना पकडलं आणि त्याच्यावरून लाखो लोक रस्त्यावर आले, १४ तारखेला गोळीबार झाला, सरकारी आकडा ७७ मृत्यूंचा, पण थनोम कित्तिकचोर्न हा लष्करशहा देश सोडून पळाला. पोरं जिंकली होती! आत छोटी चेदी, म्हणजे स्तूप, आहे, नावं कोरलीयेत, आम्हाला थाई वाचता येत नाही तरी एक एक ओळ बोटानं बघत गेलो. आम्ही अर्धा तास होतो तेवढ्यात आणखी कोणीच आलं नाही.

आणि मग तीनच वर्षांत ते जिंकलेलं सगळं गेलं. त्यासाठी पुढे सनाम लुआंग हे मोठं मैदान ओलांडून थम्मसात विद्यापीठात जा. थम्मसात म्हणजे धर्मशास्त्र, १९३४ मध्ये प्रीदी फनोमयोंगनं काढलं, हा १९३२ च्या क्रांतीचा वैचारिक पुढारी. आम्हाला गेटवर कोणी अडवलं नाही, साधे कपडे घाला, वर्गांत डोकावू नका एवढंच. मोठ्या हॉलजवळ १९३२ पासूनच्या लढ्यांची शिल्पं आहेत आणि त्यातच ६ ऑक्टोबरचा लाल दगड.

थनोम १९७६ मध्ये भिक्षूची वस्त्रं घालून परत आला. त्याच्या विरोधात पोस्टर लावणाऱ्या दोन वीज कामगारांना मारून फाशी दिल्यासारखं लटकवलेलं सापडलं, विद्यार्थ्यांनी त्याच्यावर छोटं नाटक केलं, आणि त्या नाटकातला लटकलेला मुलगा युवराजासारखा दिसतो असा फोटो छापून, रेडिओवर भडकवून, ६ ऑक्टोबरला पहाटे पोलीस आणि उजव्या टोळ्या आत घुसल्या. फुटबॉलच्या मैदानावर पोरांना पालथं झोपवलं. सरकारी आकडा ४६, खरा त्याहून जास्त मानतात. संध्याकाळी लष्करानं सत्ता घेतली. समोर सनाम लुआंगला कडेनं चिंचेची झाडं आहेत, त्यातल्याच झाडाला एकाचा देह लटकवला होता आणि एक माणूस त्याला घडीच्या खुर्चीनं मारत होता, भोवती जमलेल्यात हसणारी लहान मुलंही होती, तो फोटो जगभर गेला. त्या हत्याकांडासाठी आजपर्यंत कुणालाही शिक्षा झालेली नाही.

बाबा १९७६ मध्ये वीस वर्षांचे, सांगलीला कॉलेजात. आपल्याकडे आणीबाणी चालू होती, त्यांचा एक मित्र सहा महिने आत होता. दगडापाशी बसून ते म्हणाले, "अगं माझ्याच वयाची की सगळी." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी नदीकाठच्या कॅन्टीनमधून भात आणला तोही त्यांनी अर्धाच खाल्ला. चिंचेच्या झाडांखालून परत जाताना मी वर बघितलं नाही, खरं सांगते.

कॅन्टीनमध्ये एक मुलगी आमच्या टेबलावर बसली होती, बाबांनी तिला विचारलं उठावाला तुमच्याकडे काय म्हणतात. तिनं हळू आवाजात सांगितलं, रत्थप्रहान. राष्ट्र-प्रहार. बाबांनी वहीत देवनागरीत लिहून तिला दाखवलं, दोन शब्द सुटे करून, प्रहार म्हणजे काय ते हातानं टेबलावर ठोसा मारून सांगितलं. तिनं वहीचा फोटो घेतला.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना, बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा. तिथे कलम ११२ आहे, राजा, राणी, युवराज यांच्या बदनामीला एकेका गुन्ह्यासाठी ३ ते १५ वर्षं कैद, आणि ती शिक्षा खरोखर होते. जानेवारी २०२४ मध्ये फेसबुक पोस्टींसाठी एकाची शिक्षा ५० वर्षांवर गेली. परदेशी माणसालाही सूट नाही, एप्रिल २०२५ मध्ये एका अमेरिकन प्राध्यापकाला ह्याच कलमाखाली अटक झाली होती, नंतर खटला मागे घेतला. त्यामुळे तिथे असताना राजघराण्याबद्दल बोलू नका, पोस्ट टाकू नका, शेअर करू नका, नोट पडली तर पायानं अडवू नका, तिच्यावर राजाचा फोटो असतो. आम्ही पहिल्याच दिवशी चुकलो. विमानतळावरून येताना बाबांनी टॅक्सीत मोठ्यानं विचारलं, तुमचा राजा कसा आहे, लोकांना आवडतो का? ड्रायव्हरनं उत्तर दिलं नाही, रेडिओचा आवाज वाढवला आणि हॉटेल येईपर्यंत आरशात आमच्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला कळलं, आपण चार दिवसांनी मुंबईला उतरणार, अडकणार तो. लोकांना आपणहून विचारूच नका. ते बोलले तर ऐका, त्यांचं नाव आणि चेहरा कुठेही टाकू नका. मीसुद्धा त्या मुलीबद्दल एवढंच लिहितेय.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी थांबतात, तुम्हीही थांबा. मोर्चा दिसला तर लांबून बघा, आत जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस काढून दोन गोष्टी केल्या. एक, फान फा पुलाजवळचं राजा प्रजाधिपोकचं म्युझियम, फुकट आहे, सोमवारी बंद. ह्या राजानं १९३५ मध्ये गादी सोडताना लिहून ठेवलं की माझे अधिकार मी सगळ्या जनतेला द्यायला तयार आहे, एखाद्या माणसाला किंवा गटाला नाही. दोन, बीटीएसनं (पुलावरून धावणारी ट्रेन) लांब उत्तरेला वात फ्रा सी महाथात, देवळाच्या नावाचंच स्टेशन आहे. हे देऊळ खना रात्सदोननं बांधलं, आधी नाव ठरलं होतं लोकशाही मंदिर, वात प्रचाथिपतय, त्यासाठी भारतातून बोधीवृक्षाच्या फांद्या आणि बुद्धाचे अवशेष नेले होते. पांढऱ्या चेदीच्या आत भिंतीत कोनाडे आहेत, त्यात क्रांतीतल्या अनेकांच्या अस्थी. जवळच्या चौकात त्यांच्या विजयाचं एक स्मारक होतं ते डिसेंबर २०१८ मध्ये एका रात्रीत गायब झालं. दुसित राजवाड्यासमोरच्या पटांगणात १९३२ च्या क्रांतीची आठवण म्हणून बसवलेली पितळी फरशी होती, ती एप्रिल २०१७ मध्ये अशीच गेली, तिच्या जागी दुसरीच बसवली. म्हणून म्हणते, आहे ते बघून घ्या.

निवडणुकीचं विचाराल तर, मे २०२३ मध्ये मूव्ह फॉरवर्ड पक्ष १५१ जागा घेऊन पहिला आला, पण लष्करी राजवटीनं नेमलेल्या २५० सिनेटर्सनाही पंतप्रधान निवडताना मत होतं, त्यांनी पक्षाचे नेते पिता लिमचारोनरत यांना अडवलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टानं पक्षच बरखास्त केला. आम्ही गेलो तेव्हा पैतोंगतान शिनावात पंतप्रधान होत्या, ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टानं त्यांनाही काढलं. आता रणगाडे आणावेच लागत नाहीत असं मला वाटतं.

बाकी किरकोळ: व्हिसाचे नियम सारखे बदलतात, दूतावासाच्या साइटवर बघूनच तिकीट काढा. मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. कंबोडियाच्या सीमेकडचे प्रांत सध्या टाळा. राजवाड्याजवळ कोणी म्हणालं आज बंद आहे, चला टुकटुकनं दुसरीकडे नेतो, तर सरळ पुढे चालायला लागा. थम्मसातहून परतताना था चांगच्या धक्क्यावर नारिंगी झेंड्याची बोट पकडा, सोळा बाट पडले, साथोर्नला उतरून बीटीएस. संध्याकाळच्या बोटीत बसायला जागा मिळत नाही, बाबांना मात्र एका शाळकरी मुलानं उठून दिली.