पिकरिंगची हॉट टबवाली कॉटेज: बुकिंगपासून झाकण लावेपर्यंत माझा अनुभव

पिकरिंग हे इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं गाव. तिथल्या सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या कॉटेजमधून सकाळी १० ला आधीचे पाहुणे बाहेर पडतात, दुपारी ४ ला पुढचे येतात. मधल्या सहा तासांत अंगणातला हॉट टब, म्हणजे गरम पाण्याचे फवारे (जेट) सोडणारा मोठा टब, उपसायचा, घासायचा, पुन्हा भरायचा आणि तापवायचा. मी बुकिंग करताना सुरुवात या हिशेबापासून करतो, कारण कॉटेजचे फोटो सगळीकडे सारखेच सुंदर असतात.

सहा जणांच्या टबात साधारण १५०० लिटर पाणी मावतं. उपसायला नि पुसायला तास जातो. बागेच्या नळीने मिनिटाला १५ लिटर धरले तर भरायला आणखी पावणेदोन तास. म्हणजे हीटर सुरू होतो एकच्या सुमारास. यॉर्कशरमध्ये हिवाळ्यात नळाचं पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. ते ३८ वर न्यायला जवळजवळ ४९ युनिट वीज लागते. साध्या १३ अँपिअरच्या प्लगवर चालणाऱ्या टबाचा हीटर बहुधा दोन किलोवॉटचा, म्हणजे तासाला सव्वा अंशही चढत नाही. पाणी तापायला अख्खा दिवस लागतो. वेगळ्या ३२ अँपिअरच्या लाइनवर तीन किलोवॉटचा हीटर असला तरी सोळा तास हवेतच.

म्हणून चार वाजता टब कडकडीत गरम मिळाला तर तीन शक्यता असतात. एक, मालकाने घरातल्या बॉयलरचं गरम पाणी भरलं. दोन, टब व्यावसायिक दर्जाचा आहे, त्यात जंतुनाशक आपोआप सोडणारी यंत्रणा आहे आणि पाणी दर पाहुण्यांमागे बदलायची गरज नाही. तीन, पाणी बदललेलंच नाही. याउलट ‘टब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तयार होईल’ असं कोणी स्पष्ट लिहिलं असेल तर मला तो मालक जास्त भरवशाचा वाटतो. तीन रात्रींतली एक टबाविना जाते खरी, पण पाणी कालच्या लोकांचं नसतं.

ही नुसती किळस नव्हे. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हच्या ‘एचएसजी २८२’ या मार्गदर्शिकेनुसार भाड्याच्या कॉटेजमधला टब घरगुती धरला जात नाही, तो व्यवसायाचा भाग ठरतो. लिजिओनेला हा जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतो आणि जेटच्या तुषारांतून थेट फुप्फुसात जातो. स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूमुळे पोहण्याच्या कपड्याखाली लाल पुटकुळ्या येतात, त्याही एकदोन दिवसांनी, घरी परतल्यावर. म्हणून मालकाला ईमेलवर विचारायचं: टब प्लगवरचा की ३२ अँपिअरचा? पाणी प्रत्येक ग्रुपनंतर बदलता का? क्लोरीन आणि पीएच रोज कोण तपासतं, नोंद ठेवता का? उत्तर नेमकं आलं तर पैसे भरायचे. ‘काळजी करू नका, सगळं स्वच्छ असतं’ एवढंच आलं तर पुढची कॉटेज बघायची.

आता गाव. पिकरिंग हे नॉर्थ यॉर्क मूर्स या माळरानाच्या दक्षिण काठावरचं बाजाराचं गाव, बाजार सोमवारी. विल्यम द कॉन्करर या अकराव्या शतकातल्या राजाच्या काळात टेकाडावर उभारलेला किल्ला, सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्चमधली पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं, आणि खाली वाफेच्या इंजिनाच्या गाड्यांचं स्टेशन. ही लाइन १८३६ मध्ये घोड्यांनी ओढायच्या डब्यांसाठी सुरू झाली, बांधणारा रेल्वे अभियंता जॉर्ज स्टीफन्सन. पण अशा जुन्या गावात हॉट टब शोधताना एक अडचण येते. मधल्या गल्ल्यांतली चुनखडी दगडाची, लाल कौलांची घरं एकमेकांना चिकटलेली, मागे वीतभर अंगण. तिथे टब असलाच तर शेजाऱ्याच्या खिडकीखाली असतो. रात्री दहानंतर आवाज बंद हा नियम तिथे कागदापुरता नसतो. शिवाय गाडी दारात लागत नाही. व्हिव्हिस लेन, ईस्टगेट किंवा रोपरीच्या पे-पार्किंगमध्ये लावून सामान चढावर ओढत न्यायचं.

माझं मत सरळ आहे. टब हवा असेल तर गावाबाहेर मिडलटन किंवा थॉर्नटन-ले-डेलच्या बाजूला जुने गोठे किंवा धान्यकोठारं बदलून केलेली कॉटेज घ्यावी. बाजार, किल्ला, चालत फिरणं हवं असेल तर गावातलं घर घ्यावं आणि टब विसरावा. दोन्ही एकत्र देणारी घरं थोडी, नि महाग. गाडी नसेल तर लीड्स-यॉर्क-माल्टन-पिकरिंग-व्हिटबी अशी कोस्टलायनरची ८४० नंबरची बस आहे. मात्र ती गावापर्यंत पोचवते, शेतातल्या कॉटेजपर्यंत नाही.

बुकिंग बहुतेक शुक्रवार ते सोमवार (तीन रात्री) किंवा सोमवार ते शुक्रवार (चार रात्री) असं मिळतं, उन्हाळ्यात पूर्ण आठवडा. सोमवार ते शुक्रवारचे दर उतरलेले असतात, पण शाळा असलेल्यांना त्याचा उपयोग नाही. ऑक्टोबरची हाफ टर्म (शाळांची सत्रामधली सुट्टी) दिवाळीला लागून आली की मराठी मंडळी एकदम शोधायला लागतात. तेव्हा निदान सहा महिने आधी बघावं. ‘आठ जणांसाठी’ यात सोफाबेड धरलेला असतो, आणि टब मात्र सहाचा असू शकतो. पायऱ्या, खोल्यांचे मजले विचारून घ्यावेत. जुन्या घरात तुळया डोक्याला लागतील इतक्या खाली असतात आणि सासू-सासऱ्यांसाठी तळमजल्यावर बाथरूम क्वचितच.

पोचल्यावर सामान उतरवण्याआधी टबाकडे जायचं. झाकण उचलायचं आणि वास घ्यायचा. नाकाला झोंबणारा ‘क्लोरीनचा’ वास हा क्लोरीन जास्त असल्याचा पुरावा नाही. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीन बांधलं जाऊन होणाऱ्या क्लोरामाइनचा तो वास असतो, म्हणजे उलट कामाचं क्लोरीन संपत आलंय. चांगल्या पाण्याला वास जवळपास नसतोच. तळ स्पष्ट दिसला पाहिजे. कडेला पाण्याच्या रेषेवर बोट फिरवून बघायचं. बुळबुळीत लागलं तर तिथेच फोटो काढून मालकाला पाठवायचा. झाकण दोघांना उचलेनासं जड असेल तर आतला फोम पाणी पिऊन बसलाय, उष्णता धरणार नाही.

मी टेस्ट स्ट्रिपची डबी सोबत ठेवतो. पट्टी बुडवून काढायची, झटकायची नाही, डब्यावर लिहिलेल्या सेकंदांनी रंग जुळवायचा. मुक्त, म्हणजे कामाचं, क्लोरीन लिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम, ब्रोमीन असेल तर ४ ते ६, पीएच ७ ते ७.६. पीएच वर गेला की क्लोरीन असूनही निकामी होतं, खाली गेला की डोळे चुरचुरतात. आकडे चुकले तर स्वतः रसायन टाकायचं नाही. मालकाला बोलवायचं, ते त्याचं काम.

पाण्यात शिरण्याआधी साबण लावून शॉवर. आपल्याकडे हा मुद्दा खास महत्त्वाचा. अभ्यंगस्नान करून, तेल-उटणं अर्धवट धुऊन कोणी टबात बसलं की अर्ध्या तासात फेस तयार होतो. तेल फिल्टरच्या घड्यांत अडकतं, पाण्याचा प्रवाह मंदावतो, टब ‘एफएलओ’ (फ्लो, म्हणजे प्रवाह) असा संदेश दाखवून हीटर बंद करतो. पाणी आपोआप गार होत जातं आणि सगळ्यांना वाटतं टब बिघडला. डोक्याला खोबरेल असेल तर केस बांधून पाण्याबाहेर ठेवायचे. पोहण्याचे कपडेही नुसत्या पाण्यात खंगाळून आणायचे, त्यात राहिलेली वॉशिंग पावडरही फेस करते. मंगळसूत्र, चांदीचे दागिने काढून ठेवायचे.

तापमान ४० च्या वर नेता येऊ नये असाच टब हवा. मोठ्यांना वीस मिनिटं पुरे, मुलांना ३७ अंशांत दहा मिनिटं. बऱ्याच ठिकाणी चार-पाच वर्षांखालच्या मुलांना मनाईच असते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे बाबा बाहेर येताना दोन मिनिटं टबाच्या काठावर बसून मग उठले की चक्कर टळते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील किंवा गरोदरपण असेल तर टब नकोच, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय.

पाणी गार होण्याचं आणखी एक कारण बटणांत आहे. बऱ्याच टबांच्या पॅनेलवर ‘टेम्प’ दाबून लगेच ‘लाइट’ दाबलं की मोड बदलतो. ‘एसटी’ म्हणजे नेहमीचा. ‘ईसी’मध्ये हीटर फक्त फिल्टर फिरतानाच चालतो, ‘एसएल’मध्ये पाणी मुद्दाम थंड ठेवलं जातं. मुलं दिव्याचे रंग बदलत बसली की हा मोड हमखास बदलतो. पहिल्या रात्री पॅनेलवर काय लिहून येतं ते बघून ठेवावं. हवेचा नॉब उघडा ठेवला तर जेटमधून बाहेरची थंडगार हवा पाण्यात शिरते. थंडीत तो बंद करावा. वापर संपला की झाकण घालून चारही क्लिपा लावायच्या, उष्णता मुख्यतः वाफेतून जाते. प्लगवरचा टब एकदम बंद पडला तर आधी प्लगवरच्या आरसीडीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या सुरक्षा-यंत्राचं) रीसेट बटण दाबून बघावं. पुन्हा पडलं तर हात लावू नये.

लाकडावरचा टब घेतलात तर वेगळं गणित: तीन-चार तास आग, अर्ध्या तासाला लाकूड, वरचं पाणी उकळतं नि खालचं गार म्हणून वल्ह्याने ढवळणं. टबातल्या स्टोव्हच्या वरच्या पाइपच्या वर पाणी येण्याआधी पेटवलं तर स्टोव्ह खराब होतो आणि अनामत जाते.

गावात लिडल, को-ऑप आहेत. कढीपत्ता, पोहे, कुकर मात्र लीड्स किंवा ब्रॅडफर्डहून घेऊन निघावं. फोडणीला खिडकी उघडी आणि आतलं दार बंद, नाहीतर बसक्या छताखालचा स्मोक अलार्म पहिल्याच मोहरीला वाजतो.

निघताना टब उपसायचा नाही, बंदही करायचा नाही. झाकण, क्लिपा, पाण्याची पातळी दिसेल असा एक फोटो काढून ठेवायचा आणि दहाच्या आत किल्ली पेटीत टाकायची.