आधी विग्रह, मग गाणं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण मोबाइलवर आलं तेव्हा मी स्वीडनमधल्या माल्मोत, ऑफिसच्या बसमध्ये होतो. पहिली आठवण मराठीच्या सरांची. नाव लिहीत नाही. सगळ्या तुकड्या ओळखतील.

१५ ऑगस्टचं समूहगीत बसवताना सरांनी मला भर तालमीत थांबवलं. "नुसता गळा काढू नकोस, अर्थ सांग." येईना. पेटीचा भाता मिटला, फळ्यावर गाण्यातला एक जोडशब्द उमटला. "विग्रह कर, मग गा." तासभर सगळे ताटकळले. खोटं कशाला बोलू, तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता.

पुढे स्वीडिश शिकायची वेळ आली. क्रमिक पुस्तकाला कंटाळून मी मिकाएल वीए या गायकाचं, १९८१ सालचं मुलगी आणि कावळ्याचं गाणं घेऊन बसलो. एक माणूस पेपर वाचतोय, संपून गेलेली स्वप्नं आठवतोय. तेवढ्यात फोटो दिसतो: जायबंदी कावळ्याला कवेत घेऊन रानातून धावत सुटलेली मुलगी. मी अडलो कावळ्याच्या 'स्कादशूतेन' या विशेषणावर. डिक्शनरी काढली. 'स्कादा' म्हणजे इजा, 'शूतेन' म्हणजे गोळी लागलेला. अरे, हा तर समास! तत्पुरुषच असावा, पण कोणता? विचारायला सर राहिले नाहीत.

मग वीएची बाकीची गाणीही अशीच फोडत गेलो. हा माल्मोच्या हूला बांदूला बँडचा माणूस. चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर विक्तोर हारा या गायकाला मारलं, त्याच्यावर वीएनं गाणं रचलं. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या बोस्ताडला स्वीडन-चिली डेव्हिस कप टेनिसची लढत ठरली, तेव्हा 'मॅच थांबवा' म्हणून बँडनं रेकॉर्डच काढली. मॅच झाली, पण जवळजवळ रिकाम्या स्टँडसमोर. १९८५ मध्ये तोमास लेदीन या गायकाला जोडीला घेऊन वीएनं येतेबोरीत (गोथेनबर्ग शहरात) दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेससाठी मोठा जलसा घडवला. एवढं राजकारण गाणारा माणूस, पण मला अजून तो कावळाच जवळचा.

आज मी ऑफिसात स्वीडिशमधून मीटिंगा चालवतो. श्रेय सरांचं, दुसऱ्या कुणाचं नाही.

गाण्याच्या खोलीत आता कॉम्प्युटर आलेत म्हणे. सरांची पेटी कुठे गेली? कुणाकडे असेल तर कळवा. भाता फाटका असला तरी चालेल, डिसेंबरात येऊन घेऊन जाईन.