सीजी ११५ मिमी, पण कुठून?

रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानाच्या किटच्या कागदावर सीजीबद्दल (गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे टेकवलं की विमान तोलून राहतं ती जागा) एकच ओळ होती: ‘पुढच्या कडेपासून ११५ मिमी’. पंखाची पुढची कड सरळ असती तर एवढं पुरलं असतं. पण या विमानाची कड तिरपी आहे. धडाजवळ ती जिथे सुरू होते, त्याच्या ६० मिमी मागे टोकाशी संपते. मग ११५ मोजायचे कुठून? विक्रेत्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, ‘कागदावर दिलंय, बघा’. एका शब्दापायी तयार विमान आठ दिवस छपरीत पडून राहिलं. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळे आकडे लिहून ठेवतो.

विमान बाल्सा (हलकं लाकूड) आणि प्लायचं, पंखविस्तार सव्वा मीटरच्या आसपास. ४एस २२०० ची (चार सेलची, २२०० एमएएच) लायपो बॅटरी २३० ग्रॅमची, आणि तिच्यासकट उड्डाणाचं वजन १२५० ग्रॅम. एका बाजूचा पंख ६०० मिमी लांब, मुळाशी, म्हणजे धडाजवळ, रुंदी ३४०, टोकाशी १८०. जोडणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सर्वोचा (पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या फिरवणारी छोटी मोटर) हात पुशरॉडला (पट्टीपर्यंत जाणारी तार) काटकोनात बसवा, तोही सबट्रिम (ट्रान्समीटरमधली मध्याची दुरुस्ती) शून्य ठेवून. हॉर्नच्या (पट्टीवरचा, तार अडकवायचा तुकडा) भोकांची रेषा बिजागरीच्या बरोबर वर येऊ द्या. ती मागे-पुढे झाली तर वरची आणि खालची चाल सारखी होत नाही.

आता सीजी. छपरीतल्या फरशीवर खडूने एक पंख खऱ्या मापात काढला. मुळाच्या रेषेला पुढच्या बाजूने टोकाची रुंदी, म्हणजे १८० मिमी, जोडली. टोकाच्या रेषेला मागच्या बाजूने मुळाची रुंदी, ३४० मिमी, जोडली. ही दोन नवी टोकं एका तिरप्या रेषेने जोडली. मग मुळाचा मध्य आणि टोकाचा मध्य जोडणारी दुसरी रेषा मारली. दोन्ही रेषा छेदतात तिथली पंखाची रुंदी म्हणजे सरासरी रुंदी. माझी आली २६८ मिमी. ती मुळापासून २६९ मिमीवर पडते, आणि तिथली पुढची कड मुळाच्या कडेपेक्षा २७ मिमी मागे आहे.

आता कागदावरचे ११५ तीन ठिकाणांहून मोजून पाहा. मुळाच्या कडेपासून मोजले तर सीजी सरासरी रुंदीच्या ३३ टक्क्यांवर येतो. सरासरी रुंदीच्या कडेपासून मोजले तर ४३ टक्क्यांवर. टोकाच्या कडेपासून मोजले तर थेट ५५ टक्क्यांवर. शांत उडवायचं तर २५ ते ३० टक्के, कसरतींसाठी ३० ते ३५. ४३ वर विमान एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) नुसत्या स्पर्शाने उसळतं. ५५ वर ते जमीन सोडताच नाक वर करून उलथतं आणि हातात काही उरत नाही. म्हणजे मोडलेलं विमान आणि उडणारं विमान यांच्यात फरक फक्त ‘मुळापासून’ या शब्दाचा, आणि तोच कागदावर नाही.

पहिल्या उड्डाणाला ३३ सुद्धा नको. मी ३० टक्के धरले, म्हणजे मुळाच्या कडेपासून १०७ मिमी. नाक थोडं जड असलेलं विमान आळशी उडतं, पण परत येतं.

तोलताना पंखा बंद करा. छताच्या पंख्याचा वारा २ मिमीचं खोटं सहज दाखवतो. प्रॉप (पुढचं पातं), स्पिनर (त्याची टोपी), कॅनॉपी (धडावरचं झाकण), बॅटरी, सगळं जागेवर हवं. लाकडी ठोकळ्यात दोन पेन्सिली रबर वर करून उभ्या केल्या आणि दोन्ही पंखांखाली खुणेवर टेकवल्या. विमान सरळ ठेवून कोलमडत असेल तर उलटं ठेवा.

जड शेपटीला नाकात शिसं भरून उत्तर देऊ नका. माझी शेपटी सीजीपासून ७०० मिमी, मोटर २५० मिमी. शेपटीतला १ ग्रॅम नाकातल्या जवळजवळ ३ ग्रॅमएवढा पडतो. आधी शेपटीतला फालतू गोंद खरवडा, मग बॅटरी सरकवा. २३० ग्रॅमची बॅटरी ५० मिमी सरकली की सीजी ९ मिमी हलतो. एवढं करूनही वजन लागलंच, तर टायरच्या दुकानात चाकाच्या बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्या मिळतात. त्यांचे ५ ग्रॅमचे तुकडे सुटे होतात.

खरी परीक्षा हवेतच. सकाळी आठच्या आत उडवा. ऊन चढलं की काळ्या वावरावरून हवा उठते, उन्हाळ्यात वावटळीही सुटतात, आणि मग विमान चढलं ते सीजीमुळे की हवेमुळे हे कळत नाही. आधी सरळ उड्डाणात ट्रिम करा, म्हणजे कांडी सोडली तरी विमान सरळ जाईल असं. मग ४५ अंशांत वर न्या, रोल करून उलटं करा आणि एलिव्हेटर सोडा. नाक लगेच जमिनीकडे पडलं तर सीजी पुढे आहे. रेषा बराच वेळ धरून हळूहळू झुकलं तर बरोबर. सोडल्यावर आपणहून आणखी वर वळलं तर मागे गेलाय, लगेच उतरवा.

दर उड्डाणाला बॅटरी १२ मिमी मागे घेतली, म्हणजे सीजी २ मिमीच्या थोडा वर. प्रत्येक वेळी एलिव्हेटरला थोडा डाऊन ट्रिम लागतो, तो दिल्याशिवाय पुढची चाचणी करू नका. पाच उड्डाणांत सीजी ११८ वर, म्हणजे ३४ टक्क्यांवर स्थिर झाला.

विसरण्याआधी: घरात सेटिंग करताना प्रॉप काढूनच बॅटरी जोडा. फेलसेफला (सिग्नल तुटल्यावरची सोय) थ्रॉटल शून्य झालं का ते ट्रान्समीटर बंद करून तपासा. एक्स्पो (कांडीच्या मध्याजवळची चाल मऊ करणारं सेटिंग) कमी चालीला २५-३० टक्के, पूर्ण चालीला ५०-६०. पण स्पेक्ट्रम कंपनीच्या ट्रान्समीटरमध्ये तो अधिकात (+) द्यायचा, फुटाबाच्या उण्यात (−). उलटा दिला तर मधली चाल मऊ होण्याऐवजी तिखट होते.

आडवा तोल सीजीनंतर पाहा. मोटरचा शाफ्ट आणि शेपटीचं चाक दोऱ्याने टांगा, जो पंख वर जाईल त्याच्या टोकाला वजन. मला ३ ग्रॅम लागले. हे चुकलं तर जोरात लूप मारताना विमान जड पंखाकडे झुकत जातं. पूर्ण थ्रॉटलवर सरळ वर चढताना डावीकडे ओढत असेल तर ते मोटरचं काम, पंखाचं नव्हे. मोटर माउंटच्या डाव्या दोन स्क्रूखाली अर्ध्या मिमीचे वॉशर घातले. भोकांमधलं अंतर ३० मिमी असेल तर तेवढ्याने साधारण १ अंश उजवीकडे वळते.

वखरलेल्या वावरात उतरवू नका. ढेकळात चाकं रुततात, विमान नाकावर पालथं होतं आणि प्रॉप जातो. पऱ्हाटीचे खुंट राहिले असतील तर कव्हरिंगही फाटतं. गावाबाहेरची ई-क्लास जमीन (सरकारी गायरान) बरी, फक्त गुरं चरायला यायच्या आधी. लायपो उन्हात गाडीत ठेवू नका, फुगते. न उडवता ठेवायची तर सेलमागे ३.८ व्होल्टवर.

किटच्या त्या कागदावर आता ११५ च्या अलीकडे लाल पेनने ‘मुळापासून’ लिहिलंय. दोन्ही पंखांखाली ११८ वर टेपचे तुकडे आहेत, आणि बॅटरीच्या पाटीवर तिची मागची कड कुठे यायला हवी ती रेघ.