आमची वाटचाल : रोबोंचं आपसातलं बोलणं

२०१६ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझा मावसभाऊ कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करायचो. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे माल वाहणाऱ्या, बिनचालकाच्या दोन गाड्या होत्या. दोन्ही एकाच चौकात येऊन अडायच्या. "यांना एकमेकींशी बोलता येईल असं काहीतरी करा," एवढंच त्यांचं म्हणणं. ईएसपी८२६६ या वायफाय चिपचे दोन स्वस्त बोर्ड लावले. चौकात शिरणारी गाडी "मी आत आहे" असं सांगायची, दुसरी थांबायची. तिथून आमचा धंदाच बदलला.

पुढे चाकणच्या एका गोदामात आठ रोबोंचं काम मिळालं. फेब्रुवारीत रॅक रिकामे होते, चाचणी झकास झाली. एप्रिलमध्ये सरबताच्या बाटल्यांचे खोके छताला टेकले आणि फोन सुरू झाले. मी स्वतः जाऊन रॅकांमधल्या गल्लीत लॅपटॉप घेऊन बसलो. जिथे सिग्नल उणे ५८ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) मिळत होता, तिथे आता उणे ८४, म्हणजे कितीतरी कमकुवत. पाणी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं, आणि बाटल्या म्हणजे पाणीच. उरलेला सिग्नल लोखंडी रॅकवर आपटून इकडेतिकडे उडत होता.

तरी तुटलेला सिग्नल परवडला, उशिरा पोचणारा नाही. सिग्नल कमकुवत झाला की पॅकेट, म्हणजे निरोपाची पुडी, पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं, मागची रांगेत तुंबतात. एका दुपारी "गल्ली मोकळी आहे" हा निरोप दोन सेकंद उशिरा पोचला. तोवर गल्लीत दुसरा रोबो शिरला होता. माझ्या डोळ्यांदेखत दोघे समोरासमोर आले आणि स्वतःच्या लेझर स्कॅनरमुळे वीतभर अंतरावर थांबले. शेजारी पॅकिंग करणाऱ्या ताई टेबल सोडून मागे सरकल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

यात आमचीही चूक होती. आरओएस-२ ही रोबोंसाठीची तयार सॉफ्टवेअर प्रणाली जशी मिळते तशीच आम्ही चालवली होती. तिच्यात मुळात प्रत्येक रोबो "कोण कोण आहे?" असं मल्टिकास्टने सगळ्यांना विचारत राहतो. वायफायवर ही पॅकेटं सहसा सगळ्यात मंद वेगाने जातात आणि त्यांची पोच येत नाही. तीन रोबो असताना हे खपलं, आठांनी हवा भरून टाकली. मग ओळखपाळख करून देणारा एक सर्व्हर बसवला. कॅमेऱ्याची चित्रं रोबोच्या पोटातच ठेवली. बाहेर फक्त जागा, वेग आणि पुढची गल्ली.

प्रत्येक निरोपावर वेळेचा शिक्का आला. घड्याळं जुळवली, आणि २०० मिलिसेकंदांपेक्षा शिळा निरोप फेकून द्यायचा असं ठरवलं. निरोप नाही, तर गल्ली भरलेली आहे असंच धरायचं. गल्ली धरणं-सोडणं यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा दुसरा रेडिओ लावला. हा पट्टा आपल्याकडे वायरलेसच्या परवान्याशिवाय वापरता येतो, आणि लांब लहर रॅकला वळसा घालून बरी पोचते. तिच्यावर चित्रं जाणार नाहीत, पण चार शब्द नक्की जातात. धडक टाळण्याचं काम मात्र आजही वायरलेसवर सोडलेलं नाही, ते रोबोच्या स्वतःच्या स्कॅनरकडेच आहे.

आज आम्ही अकरा जण आहोत. गाळ्याच्या मागच्या भागात लोखंडी रॅक आहेत आणि त्यांवर वीस लिटरचे पाण्याचे जार रचलेत. नवा बोर्ड आला की पहिल्यांदा त्यांच्या मागे जातो.