वस्तादांचं ओझं झालं होतं का?

फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट. केमो थांबवली होती, आता त्रास कमी ठेवायचा एवढंच ठरलेलं. माझ्याकडे आलेल्या फाइलवर सिस्टरांनी दोनच शब्द लिहिले होते : "बोलत नाहीत." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते आहे.)

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणाऱ्या उपचारांत, समुपदेशनाचं काम करते. अशा पेशंटकडे जायची वेळ आधी औषधांचा तक्ता बघून ठरवावी लागते. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, आणि तासाभराने तो चांगला चढलेला असतो. तेव्हा गेले. नाकाला ऑक्सिजनची नळी, त्यामुळे काकांचं वाक्य तीन-चार शब्दांत संपायचं. मुलगी उशाशी बसलेली. मुलगा येऊन बाहेरच्या बाकावरूनच परत जातो, असं कळलं होतं.

मी काही विचारायच्या आत काका म्हणाले, "ओझं झालोय नुसता. पोरांना."

"असं काय बोलता बाबा!" मुलगी लगेच म्हणाली. घरची माणसं हेच म्हणतात, प्रेमानंच म्हणतात, आणि बोलणं तिथंच मिटतं.

ऑस्ट्रेलियाचे मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९८०च्या दशकात नॅरेटिव्ह थेरपी उभी केली. माणूस आणि त्याची अडचण यांची गाठ आधी सोडवायची, हा तिचा पाया. म्हणून मी काकांची समजूत घातली नाही. ओझ्याचीच चौकशी केली, तेही खोलीत येऊन बसलेलं कुणी असावं तशी.

"हे ओझं येतं कधी?"

"रात्री. पाण्यासाठी हिला उठवतो. तेव्हा."

"आल्यावर काय सांगतं?"

"लवकर आटप म्हणतं."

(हे वाक्य मी त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घातलं. नैराश्य असेल तर त्यावर उपचार लागतात, गप्पांवर भागत नाही.)

"आणि कधी फिरकत नाही?"

बराच वेळ गेला. "मशीन आठवतं तेव्हा."

काका टर्नर होते. उभा जन्म लेथवर गेला, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून धारदार टूलनं कापायच्या यंत्रावर. "टूल बोथट झालं की कानाला आधी कळतं," ते म्हणाले. "मायक्रोमीटर नंतर." (मायक्रोमीटर म्हणजे बारीक मोजमापाचं साधन.) शिकवलं कुणी, तर वस्तादांनी. त्यांना जाऊन खूप वर्षं झालेली. वस्तादांनी काय दिलं आणि त्यांना या पोरात काय दिसलं असेल, या दोन प्रश्नांची उत्तरं भराभर आली. दम लागत होता तरी थांबेनात.

मग मी तिसरा प्रश्न विचारला. "तुम्ही वस्तादांना काय दिलंत?"

या प्रश्नावर बहुतेक सगळे अडतात. आपल्याला मिळालेल्याचा हिशेब माणूस ठेवतो, दिलेल्याचा नाही. मरणाच्या दारात तर "आता माझ्याकडून काही होत नाही" हेच खरं वाटत असतं, त्यामुळे जुनं देणंही दिसेनासं होतं. काका माझ्याकडे संशयानं बघत राहिले. "मी? मी काय देणार वस्तादांना?"

मी गप्प राहिले. मदत म्हणून एखादं उत्तर पुढं करायचा मोह इथं होतोच, पण मग ती गोष्ट आपली होते, त्यांची राहत नाही.

"वस्तादांचे कान गेले," काका अखेर म्हणाले. "शेवटी शेवटी. आवाजानं जातातच." थांबून त्यांनी श्वास घेतला. "मी शेजारच्या मशीनवर असायचो. त्यांचं टूल गेलं, की मला ऐकू यायचं. जाऊन खांद्यावर हात ठेवायचो. ते मशीन थांबवायचे. साहेबाला शेवटपर्यंत पत्ता नाही."

मुलीनं हे कधीच ऐकलं नव्हतं. मी पुढचा प्रश्न जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "मग वस्तादांचं ओझं झालं होतं का तुम्हाला?"

काका तिच्यावर डाफरलेच. "येडी आहेस का? मान होता तो!" आणि मग खोकल्याची मोठी उबळ आली. त्या दिवशी आम्ही तिथंच थांबलो.

त्यांच्याच शब्दांत एक पान लिहून मी दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. "टूल गेलं की मशीन किंचाळतं" असं वाक्य होतं. "मशीन नाही, जॉब किंचाळतो," काकांनी दुरुस्त केलं (जॉब म्हणजे कापला जाणारा धातूचा तुकडा), आणि एक प्रत हाताखाली शिकलेल्या एका पोरासाठी मागून घेतली. ओझं रात्री येतच राहिलं. फक्त ते आलं की काका मुलीला सांगायचे, "आलंय बघ."

काका गेल्यानंतर मुलगी मला भेटायला येऊ लागली. लोक तिला सांगत होते, सावर आता, पुढं बघ. गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घ्यायचं, ही कल्पना मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं १९१७मध्ये मांडली आणि ती फार खोल रुजली. व्हाइटनी १९८८मध्ये नेमकं उलटं लिहिलं : अडकून पडलेल्या माणसाला निरोप घ्यायला लावू नका, गेलेल्याशी नातं पुन्हा जोडायला मदत करा. म्हणून मी तिला विचारलं, "रात्री उठून पाणी देणाऱ्या तुमच्यात बाबांना काय दिसत असेल?"

"ते म्हणाले असते, ग्लास अर्धाच भर, सांडतेस." ती हसली आणि मग खूप रडली.

पण हे सगळ्यांना सारखं लागू करता येत नाही. ज्यानं आयुष्यभर छळलं त्याला मनात पुन्हा जागा द्यायची सक्ती कुणावर का करायची? जवळ कुणाला ठेवायचं आणि कुणाला दूर, हे ठरवायची मुभाही या पद्धतीत आहे. तिच्या भावाचा प्रश्न इथंच येतो. "मशीनचं ऐकायचे, माझं कधी नाही," असं तो बहिणीला म्हणालाय. त्याचंही खरं असणार. मी त्याला भेटलेली नाही.

आता त्यानं ते पान वाचायला मागितलंय. द्यावं की आधी त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्यावं, हे तिचं ठरत नाहीये. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं आहे.