गुंगाची तार तुटली आणि पुढचा सगळा घोळ

ब्राझीलमध्ये साल्वादोरला डॉक्युमेंटरीचं शूट होतं, मी साउंडला. कॅपोएरा आंगोला म्हणजे वाद्यांच्या तालावर दोघांनी लाथा मारत-चुकवत खेळायचा तिकडचा खेळ, त्याचा रोदा, म्हणजे गोलात खेळणारे दोघं आणि बाकावर वाजवणारे, तीन बेरिंबाउ (एकतारी धनुष्यासारखं वाद्य), दोन पांडेइरो म्हणजे खंजिऱ्या, अताबाकी ढोल, आगोगो ही जोडघंटा आणि खरवडून वाजवायचा रेको-रेको. बाहेरच्याला वाटतं माइक लावला की झालं, पण बेरिंबाउला माइक लावून दाखवा एकदा! लाकडी दांडा, त्यावर जुन्या टायरमधून काढलेली तार, खाली एकतारीसारखा वाळका भोपळा, आणि वाजवणारा तो भोपळा सतत पोटाला लावतो नि लांब नेतो, त्यावरच आवाज उघडतो-मिटतो. भोपळ्यावर क्लिप माइक लावला तर नुसती शर्टाची घासाघीस ऐकू येते. समोर स्टँड ठेवावा तर खेळणारे नेमके तिथेच, बेरिंबाउच्या पायाशी उकिडवे बसून आत शिरतात, पहिल्याच लाथेत स्टँड आडवा. शेवटी बाकामागून बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, वर धरला, तीन बेरिंबाउंच्या मधोमध, आणि नाण्याने तार अर्धवट दाबल्यावर येणारी ती झणझण इतकी स्वच्छ आली की हेडफोन काढवेना.

आणि खेळ रंगात असताना गुंगाची तार ताडकन तुटली. गुंगा म्हणजे सगळ्यात खर्जातला बेरिंबाउ, मेस्त्रेंच्या, म्हणजे तिथल्या गुरूंच्या हातातला, खेळ सुरू-बंद तोच करतो. त्यांनी 'इए!' असा आवाज दिला, दोघं आहेत तिथे थांबले आणि चालत बाकाशी आले.

डायरेक्टर म्हणे बाकीचे वाजतायत ना, चालू ठेवा. कोणी ढुंकून बघितलं नाही त्याच्याकडे. मेस्त्रेंनी नवी तार घेतली, एक टोक अडकवलं, गुडघ्याने दांडा वाकवला, दुसऱ्या टोकाची दोरी खेचून गुंडाळली, भोपळा जरा वर सरकवला, टण्, परत जरा खाली, टण्. मग मेडिओ आणि व्हिओलावाल्यांनी, म्हणजे बाकीच्या दोन बेरिंबाउवाल्यांनी, आपापले भोपळे सरकवून गुंगाशी जुळवून घेतलं. कॅमेरा बंद होता, मी मात्र रेकॉर्डिंग रोलिंगच ठेवलेलं.

आता मुंबईत प्रोड्युसर म्हणतोय मधलं काढ आणि आधीचं-नंतरचं जोड, बॅकग्राउंड म्युझिकच तर आहे. अरे बाबा, नव्या तारेने तिन्ही बेरिंबाउ चढेच लागलेत, जोड दिला की कानाला ठेच लागते! त्याला सांगितलं, 1890 च्या दंडसंहितेने या खेळावर बंदी आणली होती, घोडेस्वार पोलीस येतायत हे कावालारिया नावाच्या ठेक्यावरून कळायचं असं तिकडची मंडळी सांगतात, तिथे वाजवणाऱ्याचं ऐकूनच खेळतात. तो म्हणे प्रेक्षकाला काय कळतंय. हे वाक्य ज्या दिवशी इंडस्ट्रीतून जाईल त्या दिवशी पेढे वाटीन.

एडिट अजून लॉक झालेला नाही. माझ्या मिक्समध्ये तार तुटण्यापासून परत सूर लागेपर्यंतचं सगळं तसंच ठेवून पाठवलंय, वर चित्र काय टाकायचं ते त्यांनी बघावं.